खाडीवरचा बागुलबुवा

फार पूर्वी, गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालत आणि दूरदेशीची माणसे वाऱ्याच्याच मर्जीने किनाऱ्याला लागत, त्या काळात एका खाडीकाठच्या गावात एक गुरवीण राहत असे. नवऱ्याच्या पश्चात गावच्या केशवाची सेवा तिच्याकडे आली होती. केशवाची मूर्ती काळ्या पाषाणाची. तिला तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालताना गुरविणीचे डोळे भरून येत. "किती रे गोड तुझं हे सावळं रूप," असे ती पुटपुटे, आणि मनातली सगळी चिंता त्या काळेपणात विरून जाई.

त्याच गावाच्या टोकाला, बंदरावरच्या पडक्या छपराखाली, एक हबशी राहत होता. समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून एका गलबताबरोबर तो आला होता. वाटेत तापाने फणफणला, म्हणून खलाशांनी त्याला या किनाऱ्यावर उतरवले आणि ते पुढे निघून गेले. तो जगला. मचव्यांच्या फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरून पोट भरू लागला. त्याचा वर्ण केशवाच्या मूर्तीइतकाच काळा होता. परंतु देवाला गाव सावळा म्हणे आणि त्याला नुसता काळा. त्याचे नाव कोणी कधी विचारले नव्हते. त्याने कोणाची काडी उचलली नव्हती, तरी तो रस्त्याने निघाला की बायका दारे ओढून घेत.

गावातल्या आयांना मात्र तो फार उपयोगी पडे. गुरविणीची पाच वर्षांची येसू जेवायला बसली की घास तोंडात धरून बसायची. मग गुरवीण म्हणे, "गिळ बघू. नाहीतर खाडीवरचा काळा येईल आणि तुला झोळीत घालून नेईल." घास झटकन खाली उतरे. यात काही वावगे आहे, असे त्या माउलीला स्वप्नातही वाटले नाही.

एके दिवशी उन्हे कलताना गुरवीण सोवळे नेसून सांजआरतीसाठी हार गुंफत होती. येसू देवापुढच्या रांगोळीत मांडायला शिंपल्या आणते म्हणून गेली होती. इतक्यात देवळाच्या पायरीखाली गलका झाला. हबशी उभा होता, छातीपर्यंत भिजलेला. चार गावकरी काठ्या घेऊन त्याच्या आडवे आले होते. दोन्ही हात सर्वांना दिसतील असे पुढे धरून तो म्हणाला,

"बाई, तुमची लेक खाडीतल्या खडकावर अडकली आहे. भरती लागली. मी आणायला गेलो, पण मी एक पाऊल पुढे टाकलं की ती एक पाऊल मागे सरते. मागे खोल पाणी आहे. तुम्ही चला."

"हा सांगतो आणि तू निघालीस?" शेजारची काकू म्हणाली. "कशावरून यानेच पोरीला तिकडे नेलं नसेल? आणि सोवळ्यात आहेस तू. देवाचं काय?"

गुरवीण हार हातात धरून पायरीवर थांबली. आजवर तिने घासाघासाला याच माणसाची भीती लेकीला भरवली होती. भरवता भरवता थोडी तिच्याही पोटात गेली होती. तिने हबशाकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडाकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिले. ते तोंड घाबरलेले होते, एखाद्या बापाचे असते तसे.

हार खाली ठेवून ती म्हणाली, "देवाला थांबता येतं, काकू. भरतीला येत नाही."

दोघे धावत निघाले. मागून काठ्या घेतलेले गावकरीही आले. वाटेत तो म्हणाला, "मी नवा होतो तेव्हा मला वाटायचं, या गावची मुलं फार गुणी. मी दिसलो की रडं थांबवतात. का थांबवतात, ते फार उशिरा कळलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर गुरविणीला सोपे गेले असते.

किनारा आणि खडक यांच्यामध्ये पाणी भरले होते. पोहणारे कोळी आणि त्यांचे मचवे सगळे समुद्रात होते. पलीकडे कपारीला चिकटून येसू उभी होती, आणि लाट तिच्या घोट्याला लागत होती.

"येसू, हे येतायत ना, त्यांच्या कडेवर जा!" गुरवीण ओरडली.

"नाही. तो झोळीत घालून नेतो. तूच म्हणालीस."

किनाऱ्यावर एव्हाना सारा गाव जमला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गुरवीण म्हणाली, "मी खोटं बोलले, बाळ. तू जेवावंस म्हणून खोटं बोलले."

येसूने थोडा विचार केला. "मग आत्ता कशावरून खरं बोलतेस?"

गुरविणीला पोहता येत नव्हते. तिने पदर कमरेला खोचला, ज्या हाताने केशवाला न्हाऊ घालायची तो हात हबशाच्या हातात दिला आणि ती पाण्यात उतरली. पाणी कमरेला आले, मग गळ्याला. प्रत्येक लाटेसरशी तिचा तोल जाई आणि तो हात तिला सावरून धरी. येसू टक लावून पाहत होती. आई बुडत नव्हती. आईला कोणी झोळीत घालत नव्हते. दोघे खडकाशी पोहोचले, तेव्हा ती आपणहून पुढे सरकली आणि तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली.

परत येताना त्याच्या ओल्या खांद्यावर गाल टेकून येसू म्हणाली, "आई, हे आपल्या केशवासारखेच गार लागतात."

तो मोठ्याने हसला. "देवबिव नको करूस ग मला. देवाला नैवेद्य नुसता दाखवतात. मला खरीच भूक लागली आहे."

काठ्या धरलेले हात खाली आले. त्या संध्याकाळी गुरविणीने घरात पान मांडले, आणि वाढण्यापूर्वी हात जोडून विचारले, "इतकी वर्षं विचारायचं राहिलं. तुमचं नाव काय?"

"मरजान," तो म्हणाला; आणि ते ऐकायला समोर कोणी आहे याची सवय नसल्यासारखे पुन्हा एकदा म्हणाला, "मरजान."

केशवाची आरती त्या दिवशी उशिरा झाली. निरांजनाच्या उजेडात ते काळे, शांत मुख उजळले, पण गुरविणीला डोळे वर करून पाहायचा धीर होईना.

भीती एका दिवसात जात नाही. काही दारे पुढेही बराच काळ ओढली गेली. एकदा येसू जेवताना रेंगाळली, तेव्हा शेजारची काकू सवयीने म्हणून गेली, "गिळ लवकर, नाहीतर खाडीवरचा काळा येईल."

येसू पाटावरून उठली, तिने आणखी एक पान मांडले आणि दाराकडे पाहत म्हणाली, "मरजानकाका? येऊ देत. आज भाकरी गरम आहे."

तात्पर्य हेच, की भीती आपण लेकरांच्या घासात कालवतो आणि मग तिला समोरच्या माणसाचा रंग म्हणतो. गाभाऱ्यात ज्या वर्णापुढे माथा टेकतो, त्याला रस्त्यात पाहून दार लावले, तर पूजा पाषाणाचीच झाली, देवाची नव्हे.