सापांचा कोपरा

समुद्राकडच्या एका गावात, सड्याच्या पायथ्याशी, एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. झाडपाल्याचे त्यांचे ज्ञान मोठे होते, आणि त्याहून मोठे होते त्यांचे न बोलणे. त्यांच्याकडे शिकायला एक शिष्या राहिली होती. मुलगी बुद्धिमान, नजर सूक्ष्म. पण स्वभाव भित्रा. कौलांवर झावळी पडली तरी तिच्या हातातले पातेले निसटे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. त्याच्या पश्चिम कोपऱ्यात, दगडातल्या खळग्यांत साठलेल्या मूठमूठ मातीत, दिपकाडी नावाच्या फुलझाडाचे कांदे होते. वर्षाचा बहुतेक काळ हा कांदा मातीत निजलेला असतो. वर खूणसुद्धा दिसत नाही. पावसाळ्यात मात्र पात्यांमधून एक बारीक दांडा उभा राहतो आणि त्यावर लांब नळीची शुभ्र फुले येतात. अशी जागा त्या मुलखात दुसरी नव्हती. वैद्यांचे गुडघे थकले, तेव्हा त्यांनी शिष्येला तो कोपरा दाखवला. ते म्हणाले, "आता हे तू सांभाळायचं."

झाले! त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. कुणी तोडली तर? गुरांनी तुडवली तर? एकदा ती तिथे वाकून बसली असताना मागून आवाज आला, "काय बघतंस गो थंय?" गावची गुरे राखणारी आनशीकाकी होती. शिष्या इतकी दचकली की विचार करण्याआधीच तोंडून निघून गेले, "इकडे येऊ नका, काकी! फुरशी आहेत. पुष्कळ आहेत."

आनशीकाकीने हाळी घालून गुरे वळवली. खोटे बोलल्याचे शिष्येला वाईट वाटले, पण कोपरा सुरक्षित राहिला हेही तिने पाहिले. मग लाकडे वेचणाऱ्या बायांना तिने तेच सांगितले, करवंदांसाठी येणाऱ्या पोरांनाही तेच. पुढचा पावसाळा येईपर्यंत गाव त्या जागेला 'सापांचा कोपरा' म्हणू लागले होते.

"आबा, आता तिकडे चिटपाखरूही फिरकत नाही," ती समाधानाने म्हणाली. वैद्य नुसते "हं" म्हणाले.

त्या श्रावणात जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीचा एक व्यापारी गावात आला. सडा साऱ्या गावाचा सामाईक. एक पट्टा खाणीला दिला तर बदल्यात तो गावाला पाण्याची टाकी बांधून देणार होता. कोणता पट्टा द्यायचा याचा देवळात विचार सुरू झाला. पूर्वेची बाजू चराईची. मधली वाट देवाच्या पालखीची. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "तो सापांचो कोपरो देवया. थंय जाता कोण?" सगळे हसले आणि सगळ्यांना पटले. बोलणी पक्की करायला दुसऱ्या दिवशी बसायचे ठरले. दिवाळी झाली की खाण सुरू.

शिष्या धावत घरी आली. "आबा, कांदे खणून आणू या. परसात लावू."

"मी तरुणपणी लावून पाहिले आहेत," वैद्य म्हणाले. "कुजले."

दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून ते सडा चढले. कोपऱ्यात पोचल्यावर ते वाकले आणि त्यांनी फुलांनी भरलेला एक दांडा खुडला. मग दुसरा. मग आणखी.

"आबा! अहो, यांत बी धरलं असतं!"

"हो," वैद्य म्हणाले, आणि खुडत राहिले.

ओंजळभर फुले घेऊन ते देवळात गेले. मानकरी, व्यापारी, बायाबापड्या सगळे जमले होते. वैद्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक फूल ठेवले.

आनशीकाकीने ते डोळ्यांपाशी नेले. "ह्यां फूल खयचां, वैद्यानू? जन्म गेलो माझो सड्यार, ह्यां कधी बघूक नाय!"

वैद्यांनी शिष्येकडे पाहिले. सगळे तिच्याकडे वळले.

"सापांच्या कोपऱ्यातलं," ती कशीबशी म्हणाली. "साप नाहीत तिथे, काकी. मी खोटं सांगितलं. गुरं येऊ नयेत म्हणून."

"वरीसभर आमी तुझ्या फुरश्यांक भियालंव तर!" कुणीतरी हसले. आनशीकाकी मात्र हसली नाही. "माका सांगलं असतंस तर? माझी गुरां काय माझ्या सांगण्याभायर आसत?" शिष्येची मान खाली गेली.

तो कोपरा सोडून दुसरा पट्टा चालेल का, असे थोरल्या मानकऱ्याने व्यापाऱ्याला विचारले. व्यापारी बोटांत फूल फिरवत होता. "दगड पूर्वेलाही लागेल," तो म्हणाला. "पण वाहतूक लांबची. टाकी थोडी लहान होईल, सांगून ठेवतो." कुरकुर सुरू झाली. एक जण मोठ्याने म्हणाला, "फुलापायी पाणी कमी करतलास काय?"

"होऊंदे ल्हान!" आनशीकाकी कडाडली. "तुझी आंघूळ तेवढी वजा धर. तशीय तू खंय करतंस!"

देऊळ हसले. पूर्वेचा पट्टा ठरला. चराईचा थोडा भाग त्यात जाणार होता, आणि तो सोडायला आनशीकाकीच पहिल्यांदा 'हो' म्हणाली.

परतताना शिष्येने विचारले, "आबा, तोंडी सांगून भागलं नसतं का? फुलं का तोडलीत?"

वैद्य थांबले. "मुली, गावाने तो कोपरा वैराने दिला नव्हता. रिकामा समजून दिला होता. जी जागा कुणाच्याच मनात नसते ती सर्वांत आधी जाते. चोर येईल म्हणून आपण दार लावलं, आणि घरच्यांनाही बाहेर ठेवलं. तू तिथे साप सोडलेस. मी इतकी वर्षं मौन पाळलं. फरक एवढाच. सांगितलेलं माणूस विसरतं. हातावर ठेवलेलं विसरत नाही. तोडताना मलाही जड गेलं, बरं का."

"आणि आता कुणी उपटून नेली तर?"

"काही जातीलही. ती भीती तुझ्याबरोबर राहील. पण राखणारी तू एकटी नसशील."

पुढे काही दिवसांनी शिष्या एकटीच सड्यावर गेली. कोपऱ्याजवळ कुणीतरी बसलेले तिला दुरून दिसले. ती घाईने पावले टाकू लागली.

"अगो बाय!" आनशीकाकीचा आवाज सड्यावर घुमला. "बघान पाय टाक! थंय फुलां आसत!"

शिष्या दचकली आणि तिने उचललेला पाय मागे घेतला. "मला ठाऊक आहे" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले.

"बरं, काकी," ती म्हणाली, आणि काकीने काठीने दाखवलेल्या वाटेने, पाय जपून टाकत, तिच्याशेजारी जाऊन बसली.