शंभरचा वेग

सांगलीच्या पशुवैद्य रोहिणीताई शेंडगे शोरूममधली छोटी पण भन्नाट वेगाची नवी गाडी चालवून परतल्या, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. गाडी त्यांना मनापासून आवडली होती. पण मॅनेजर पाटणकर त्यांच्या जुन्या गाडीकडे बघून सगळ्यांदेखत हसले.

"मॅडम, हा डबा आता भंगारात द्या. आमची गाडी सात सेकंदांत शंभरचा वेग गाठते. तुमचीला किती लागतात?"

रोहिणीताईंना ते झोंबलं. त्याच डब्यातून त्या अडलेल्या गाईंसाठी रात्री-अपरात्री धावल्या होत्या.

"काय माहीत! कुठून एवढ्या घाईनं पळ काढायची वेळच आली नाही कधी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज तुमच्याकडून निघताना मोजून बघते."

पाटणकरांचाच सेल्समन हसू दाबत जुन्या गाडीचं दार उघडायला धावला.