गळलेला काना

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? माल अस्सल आहे म्हणून आण घेणाऱ्यावर, की गप्प बसणाऱ्यावर? मी जन्मभर अत्तरं विकली. ‘देवाची आण, शुद्ध केवडा!’ असं म्हणणाऱ्याची कुपी मी आधी हुंगून बघतो.

देवखिंडीच्या गंभीरराव महाराजांपुढे अशाच आणा घेणारे सातजण उभे होते. भानगड टपालाच्या तिकिटाची. संस्थानच्या छापखान्यात एकदा ‘एक आणा’ छापताना शेवटचा काना राहिला आणि तिकिटावर उमटलं ‘एक आण’. महाराजांनी ते ताव जाळायचा हुकूम दिला. पुढे त्यांनाच तिकिटं जमवायचा नाद लागला, तेव्हा दवंडी पिटली : ते तिकीट आणेल त्याला आमराई!

तिकिटावर स्पष्ट लिहिलंय ‘एक आण’. लोकांनी सात आणली!

टपालप्रमुखांनी भिंग लावलं आणि सातही खरी ठरवली. महाराजांनी म्हाताऱ्या तुळाजी टपालवाल्याला बोलावलं.

“तुळाजी, घरोघर टपाल तूच वाटलंस. साध्या आण्याचा काना कुणी खरवडलाय ते ओळख. भिंग नाही, पाणी नाही, हात लावायचा नाही. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर कमरेचा पट्टा उतरव!”

तुळाजीला आता समोरचा माणूसही आवाजावरून कळायचा. त्याने पट्ट्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्याची भाकरी घेऊन आलेली लेक येसू पुढे झाली.

“महाराज, एक विचारू? ते ताव जाळायचा हुकूम होता ना?”

“होता.”

“मग खरं तिकीट ज्याच्याकडे, त्याने सरकारी हुकूम मोडून माल पळवलेला!”

महाराज शिपायाकडे वळले. “खरंच की! शिपाई, बेड्या किती आहेत?”

“सात जोड, सरकार.”

“पुरतील.”

हिरजी सराफ धाडकन पायांवर पडला. “सरकार, माझं खोटं! वस्तऱ्याने मीच काना खरवडला!”

“माझंही!” दुसरा ओरडला. “वर तांदळाची पिठी चोळली!”

“माझं तर यांच्याहून खोटं आहे!” तिसरा म्हणाला.

बघता बघता सहाजण खोटे झाले. आपलं अधिक खोटं म्हणून दोघांची जुंपलीसुद्धा! उरली गिरजाआत्या कासारीण, हातात पाकीट घेऊन.

“बेड्या घाला,” ती म्हणाली, “पण माझ्या भावाने लावलेलं तिकीट मी खोटं म्हणणार नाही.”

“आत्याला बेड्या कशाला?” येसू म्हणाली. “शिक्क्यावरची तारीख बघा, हे पाकीट हुकमाआधीच बाबांनी पोचवलेलं. पोचलेलं टपाल परत मागता येत नाही. नियम तुमचाच, सरकार!”

“पण हेच खरं कशावरून? ही घाबरली नाही एवढ्यावरून?”

“आता सहा खोटी कळलीत, ती शेजारी ठेवून बघा. त्यांच्यातला काना गेला, पण कान्याची जागा राहिली. आत्याच्या तिकिटात छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा कानाच विसरला, म्हणून जागाही नाही. पुढची वेलबुट्टी थेट ‘ण’ला टेकलीय!”

महाराज वाकले. पुन्हा वाकले. टपालप्रमुखांनी भिंग हळूच खिशात घातलं.

“आमराई गिरजाबाईंची,” महाराज म्हणाले. “पोरी, तुला काय देऊ?”

“एक आण.”

“फक्त एक आणा?”

“आणा नव्हे, महाराज, आण! बाबांच्या पट्ट्याला पुन्हा हात लावणार नाही, अशी!”

ज्या गंभीररावांना राणीसाहेबांनीही हसताना पाहिलं नव्हतं, ते खदखदा हसले. भर दरबारात त्यांनी आण घेतली आणि तुळाजीच्या पट्ट्याला नवा चांदीचा बिल्ला लावला.

तेव्हा मंडळी, वहीत ‘आणा’ लिहाल तेव्हा काना जागेवर आहे ना, एवढं बघा. आणि कुणाचा खरवडू तर मुळीच नका.