अक्काचं विमान

ऐका मंडळी, लहानांनी ऐका आणि थोरांनीही. ही गोष्ट इतक्या जुन्या काळची आहे, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथली माणसं लाकडाची आणि कापडाची विमानं करून आभाळात फिरत.

फिरायचं म्हणजे आधी शिकायला हवं. नवशिक्यांसाठी तिथे एक वेगळं विमान होतं. त्याला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या होत्या आणि बसायला दोन जागा. पुढे शिकवणारा बसे, मागे शिकणारा. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा असे आणि ते दांडे खालून जोडलेले असत. शिकणाऱ्याचा हात चुकला, की शिकवणारा पुढून सावरून घेई.

त्या पुढच्या जागेवर एक बाई बसत असे. सगळं राज्य तिला अक्का म्हणे. तिने कितीतरी जणांना उडायला शिकवलं. पण वय झालं, डोळ्यांवर पडदा आला आणि हळूहळू तिला काहीच दिसेनासं झालं. विमानही जुनं झालं होतं. त्याचं कापड विरलं, लाकूड किडलं. एके दिवशी राजाच्या माणसांनी ते मोडून जाळून टाकलं.

अक्का धाकट्या भावाकडे राहायला आली. भाऊ लाकडावर कोरीवकाम करायचा. त्याच्या तोडीचा कारागीर त्या राज्यात दुसरा नव्हता.

एकदा जेवताना अक्का म्हणाली, "अरे, माझं विमान मला आता नीट आठवत नाही. स्वप्नात येतं, तेही अर्धंच. तू मला छोटंसं करून देशील? मांडीवर मावेल एवढं. मी हाताने चाचपून बघीन."

भावाने हातातला घास ताटात ठेवला. "देतो, अक्का. अगदी तुझ्या विमानासारखं देतो."

काम सोपं नव्हतं. पंखांच्या फासळ्या काडीएवढ्या बारीक, तासतानाच तुटत. वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये त्याने खऱ्या विमानातल्या तारांच्या जागी रेशमी दोरे ताणले. एक दोरा जास्त ओढला गेला, की अख्खा पंख वाकडा होई. मग सगळं सोडवून पुन्हा बांधायचं. अक्का शेजारी बसून सांगे, "वरचा पंख जरासा पुढे होता बरं का. आणि शेपटी अशी, उतरती." बोलता बोलता ती हवेत हाताने आकार काढी. इतकी खूश ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

शेवटी आकार उभा राहिला. सांगाडा, पंख, चाकं, आतले ते दोन दांडेसुद्धा. अक्काने हात पुढे केले. "दे."

"थांब ना, अक्का. अजून कोरं लाकूड आहे. कापड चढवायचंय, रंग द्यायचाय. आणि तुझ्या बोटांनी दोरे निसटतील."

अक्काने हात मागे घेतले. "बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात दरबारातला एक सरदार दाराची चौकट कोरून घ्यायला आला. त्याची नजर विमानावर गेली आणि तो चौकट विसरूनच गेला. "वा! किती हुबेहूब! महाराजांना हे दाखवायलाच हवं."

त्या दिवसापासून भावाचं मन बदललं. कापड चढवून दिलेला पिवळा रंग त्याला फिका वाटू लागला, त्याने तो खरवडून पुन्हा दिला. पंखावरचं राजचिन्ह केसभर तिरपं वाटलं, ते पुसून पुन्हा काढलं. अक्का रोज विचारी, "झालं का रे?" आणि तो रोज म्हणे, "थोडंच राहिलंय."

बायकोला राहवलं नाही. "अहो, द्या की एकदा वन्संच्या हातात. त्यांना रंग थोडाच दिसणार आहे?"

"तुला यातलं काही कळत नाही," तो खेकसला. "अर्धवट वस्तू मी कुणाला देत नसतो."

थंडी पडली. अक्काला ताप भरला आणि तो उतरेना. अंथरुणातून तिने हाक मारली, "झालं का रे, बाबा?"

"झालंच, अक्का. शेवटचा हात दिलाय. वाळलं, की उद्या सकाळी तुझ्या मांडीवर."

"उद्या चालेल," अक्का म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी भाऊ विमान घेऊन आला. खिडकीतल्या उन्हात पिवळे पंख झळकत होते, एकही दोरा ढिला नव्हता. "अक्का, हे बघ, आणलंय."

अक्का उठली नाही. त्याने तिचे हात उचलून पंखांवर ठेवले. ते गार होते. बोटं मिटेनात. तो पुन्हा पुन्हा ती बोटं पंखाभोवती वळवत राहिला. शेवटी बायकोने येऊन त्याचा हात धरला.

तिला पोचवून आल्यावर तो विमानापाशी बसला आणि त्याने डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. बोटांना पिवळा रंग कळला नाही. राजचिन्ह कळलं नाही. कळल्या त्या फासळ्या, ताणलेले दोरे, उतरती शेपटी. ते सगळं तर कधीचंच तयार होतं.

"मी तिला हे केव्हाच देऊ शकलो असतो," तो म्हणाला.  बायको त्याच्याजवळ येऊन बसली.

पुढे सरदाराने विमान दरबारात नेलं. राजाने कारागिराला शालजोडी दिली, गावोगावची माणसं ते बघायला आली. पाहून झालं, की प्रत्येक जण त्याला हेच म्हणे, "किती सुंदर केलंत हो! तुमच्या बहिणीला केवढा आनंद झाला असेल!"

आणि तो कारागीर जन्मभर प्रत्येकापुढे मान खाली घाली. 

तात्पर्य: आपल्या माणसाला जे द्यायचं, ते सजवत बसू नये, वाट पाहणारे हात कायम पुढे राहत नाहीत.