नमुन्याच्या चकल्या

आमच्या शेजारच्या शालनकाकूंची चकली एकदा खाल्ली, की माणूस दिवाळीची नाही, काकूंच्या डब्याची वाट बघतो. यंदा तर मस्कतच्या मराठी मंडळानं त्यांना मोठी ऑर्डर दिली. माल संध्याकाळच्या विमानात चढला नाही, तर तिकडची दिवाळी चकलीविना जाणार आणि काकूंचं नाव बुडणार!

विमानतळाच्या तपासणी कचेरीत खरवंडीकरसाहेब ऐटीत बसले होते. "बाई, सरकारनं निर्यात सोपी केलीय. ढीगभर शिक्के गेले. कागदावरचं आणि काट्यावरचं वजन जुळलं, की माल सुटला!"

असं म्हणत त्यांनी नमुना म्हणून एक डबा फोडला. एक चकली चाखली, मग दुसरी, आणि बोलता बोलता डबा फस्त!

मग हमालांनी खोकी काट्यावर चढवली. साहेबांनी ढेकर दिली. "वजन कमी भरतंय. माल अडकला."

काकूंनी रिकामा डबा साहेबांपुढे धरला. "अहो, पण तुम्हीच खाल्ल्यात ना!"

"नियमात खाल्ल्याचा रकाना नाही. माल कशातही भरा, वजन जुळवा."

"कशातही चालेल?" काकूंनी पदर खोचला. "मग चढा साहेब काट्यावर! कमी पडलेला माल तुमच्यात भरलाय. तुमचं वजन पॅकिंगमध्ये धरू!"

हमाल पोट धरधरून हसायला लागले. साहेब गडबडीनं उठले, तशी काकूंनी वाट अडवली.

"असं मोकळं कुठं निघालात? अहो, चिकटपट्टी आणा कुणीतरी! साहेब, तोंड मिटा. हे खोकं आता मस्कतलाच उघडायचं!"

साहेबांनी तोंड न उघडताच शिक्का मारला.