मीठखडक

वरचा पाडा आणि मिशनपाडा यांच्यामधून चिकाडीचा ओहळ वाहतो. त्याच्या पात्रात एक सपाट काळा खडक आहे, त्याला मीठखडक म्हणतात. चाटून पाहिलंत तर खारट लागणार नाही. पाहुणे हमखास विचारतात, आणि वरच्या पाड्याचे कान्हू आजा हमखास तेच उत्तर देतात, "मीठ खडकाला नाय बाबा. माणसांना चढलं होतं." मग बिडी विझवून ते सांगायला बसतात, आणि ते सांगतात ते असं.

फार मागे दोन्ही काठ मिळून एकच पाडा होता. सादड्याच्या झाडाखाली लाकडाचा एकच वाघदेव होता. पुढे मिशनवाले आले. त्यांनी तापाला औषध दिलं, पोरांना पाटी दिली, आणि पलीकडच्या घरांनी क्रूस घेतला. ते पाहून बाजारगावचे बुवा धावत आले. तोवर या लोकांना देवळाच्या पायरीलाही कुणी उभं केलं नव्हतं. आता एकदम "तुम्ही आमचेच" झालं! वाघदेवाला शेंदूर फासला, त्याला द्यायचा कोंबडा बंद झाला. वाघदेवाला कुणी काही विचारलं नाही.

त्या वर्षी वाघबारशीला, वाघदेवाच्या सणाला, पलीकडच्या घरांनी तांदळाचा वाटा दिला नाही आणि आठच दिवसांत वाघाने अलीकडची गाय नेली. वाघ काय, दरवर्षीच एखादी नेतो. पण भांडणाला निमित्तच हवं होतं. बुवा आणि वाघदेवाची पूजा करणारा देवजी भगत एक झाले. पलीकडच्यांना विस्तव बंद, पाणी बंद, सुईण बंद. भरल्या घागरीत घरटी एकाने मिठाचा खडा टाकायचा आणि म्हणायचं, "ओहळ ओलांडीन तर माझं पोटचं या मिठागत विरघळो."

पाड्याची सुईण होती जिवली. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्या हातात जन्मलेली. तिचं स्वतःचं पोटचं मात्र एकच, सोमी. ती नवऱ्याबरोबर पलीकडे गेली होती, तिचं नाव मार्था झालं होतं आणि तिला सातवा महिना होता. जिवलीचा हात घागरीवर थांबला.

"सगळा पाडा टाकतो, तुलाच कं जड जातंय?" भगत म्हणाला.

अजून दोन महिने आहेत, तोवर माणसं निवतील, असं तिला वाटलं म्हणे. तिने खडा टाकला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा अचूक ओळखणारी बाई, स्वतःच्या वेळेला चुकली.

पलीकडचे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? तिकडच्या प्रार्थनेच्या मास्तरनेही पुस्तकावर हात ठेवून वदवून घेतलं होतं, की अलीकडच्या काठाला पाय लावायचा नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी सोमीचा नवरा लहानू काठावरून ओरडला, "आये, दुसरा दिस लागला! पोर आडवं आहे!"

जिवली धावत आली आणि पाण्याशी तिचे पाय अडले. ओलांडावं तर जिच्यासाठी ओलांडायचं तीच विरघळणार. जाऊन मारायची, की न जाऊन? बाईने डोकं लावलं. ओरडून म्हणाली, "तिला खडकावर आण! मी मधापतूर येते. मध म्हंजे ओलांडणं नाय!"

चार बायांनी झोळीतून सोमीला खडकावर आणून ठेवलं. जिवली गुडघाभर पाण्यात शिरली, तोच भगत, बुवा आणि मास्तर तिघेही हजर. खडक कोणाच्या बाजूला, यावरून वाद सुरू झाला. अलीकडचे म्हणाले, तो पलीकडे आहे, शपथ मोडेल. मास्तर म्हणाला, अलीकडे असेल तर आमची शपथ मोडते, पोरीला आत्ता उचला. शेवटी दोर आणला. सोमी कळांनी दगडावर नखं मोडत होती, आणि शहाणीसुरती माणसं या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणून ओहळ मोजत होती! दोर दुमडून मध्यावर गाठ मारली, पुन्हा ताणला. खडकाची कड गाठीच्या वीतभर पलीकडे निघाली.

"इथवर," भगत म्हणाला. मास्तरनेही मान हलवली. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

जिवली गाठीशी उभी राहिली. हात पुढे गेले तर चालेल, पाय नको, असं ठरलं. तशीच पुढे वाकून तिने पोर फिरवलं, सोडवलं. मुलगी झाली, रडली. पण वार सुटल्यावर सोमीचं रक्त थांबेना. खडकावर चढून, गुडघे टेकून, दोन्ही मुठींनी ओटीपोट दाबायला हवं होतं. तेवढे हात पोचत नव्हते. ती बायांना ओरडून सांगत राहिली, "खाली दाब, गं! आणखी खाली!" बाया दाबत होत्या, रडत होत्या. जे हाताला कळतं ते तोंडाने कसं सांगणार? सोमीने आईकडे बघतच डोळे मिटले.

आणि तरी त्या तिघांना अक्कल आली नाही. बुवा म्हणाले, पोर अलीकडच्या हातात जन्मलं, ते आमचं. मास्तर म्हणाला, खडक पलीकडे, म्हणून आमचं. पुन्हा दोर ताणायला माणसं निघाली.

जिवलीने नाळ कापायची बांबूची धार उचलली आणि तो दोर गाठीशी कापला. मग पाय उचलून खडकावर गेली. भगत ओरडला, "जिवले, शपथ!"

"पाळली ना, देवजी," ती म्हणाली. "एक पाऊल चुकले नाय. आता विरघळायला माझं कोण उरलंय?"

तिने नात कुणालाच दिली नाही. ओहळाकाठी खोपट घालून राहिली, दोन्ही काठांच्या बायांना सोडवत राहिली, आणि मरेपर्यंत मिठाला शिवली नाही, असं सांगतात.

आजही या पाड्यांत बाळंतिणीची पहिली पेज अळणी असते आणि ती पलीकडच्या काठावरून यावी लागते. बायाच आणतात, खडकावरून. पुरुषांनी मात्र दोन काठांचे दोन वेगळे साकव बांधलेत, एक आमचा, एक त्यांचा. दरवर्षी कोणीतरी खडकाला शेंदूर लावून जातं, कोणीतरी चुन्याने क्रूस काढतं, आणि बाया राखेने दोन्ही घासून टाकतात.

कान्हू आजांच्या आईलाच जन्मल्या जन्मल्या त्या खडकावरून उचललं होतं. पाहुणे उठायला लागले की ते खडकाकडे बोट दाखवतात, मग आपला पंजा ताणून वीत करतात. "एवढंच होतं," म्हणतात.