घुबडतात्यांनी पारखलेल्या पाट्या

फार मागं, प्राणी पाटीवर गोष्टी वाचायचे तेव्हाची ही हकिगत. एकेका पाटीत ढीगभर गोष्टी मावायच्या, नख लावलं की पान उलटायचं. एकदा बाजारात दोन नव्या पाट्या आल्या, एक चकचकीत उजेडाची आणि एक साधी करडी. घुबडतात्यांनी दोन्ही आपल्या अंधाऱ्या ढोलीत नेऊन पारखल्या आणि रानाला सांगून टाकलं, "चकचकीतच घ्या. करडीत काही म्हणजे काही दिसत नाही."

कासवीण आजीनं चकचकीत घेतली. थोड्याच दिवसांत ती सरपटत ढोलीखाली आली.

"तात्या, ही पाटी परत घे बाबा. माझे डोळेच गेले. अक्षर लागत नाही. नातवंडं आता गोष्टीला बेडकाकडे जातात."

"आजी, वाचतेस कुठं बसून?"

"कुठं म्हणजे? नदीतल्या खडकावर, उन्हात. सावलीत अंग गारठतं माझं."

पाटी उन्हात धरून बघायचं तात्यांच्या मनातही आलं नव्हतं. भर दुपारी, डोळे मिचकावत, फांद्यांना धडकत ते दोन्ही पाट्या घेऊन खडकावर गेले. चकचकीत पाटीत त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. करडीवर अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी काळीभोर उमटली होती.

"आजी, तुझे डोळे धड आहेत," ते म्हणाले. "माझीच पारख अर्धी होती."

आजी करड्या पाटीवर वाकली आणि वाचू लागली, तशी नातवंडं एकेक करून पाण्यातून वर आली.

तेव्हापासून कुणी विचारलं, "तात्या, चांगली पाटी कोणती?" की तात्या आधी विचारतात, "तू वाचतोस कुठं बसून?"